रुमालाखालची मूठ

सांगा मालक, सौद्याला बसल्यावर भरवसा कुणावर ठेवाल? समोरच्याच्या तोंडावर, की हातावर?

सवडीनं सांगा. तोवर माझी ओळख करून देतो. मी एक रुमाल. निळ्या काठाचा, बैलबाजारात मुरलेला. साखऱ्याकडच्या तांड्यावरचे बैलांचे व्यापारी थावरा यांनी मला खांद्यावर घेतलं. बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघांचे हात माझ्याखाली जातात, बोटं दाबतात, सौदा ठरतो. कनेरगाव नाक्याच्या बाजारात बैल विकताना एक गडी "पोटचं लेकरू विकून राहिलो" म्हणत हमसून रडत होता. त्याचं बोट मात्र माझ्याखाली गुपचूप भाव चढवत होतं!

थावरा गेले. त्यांचा मुलगा उत्तमसिंग हळदीच्या व्यापारात शिरला, पण वडिलांची आठवण म्हणून मला खांद्यावर ठेवलं. औंदा त्यानं दोन एकर विकले, शहरात घर घ्यायचं म्हणून. तांडाभर सांगूनही झालं.

घर बाजारपेठेला लागूनच्या जुन्या गल्लीत होतं. वारसा म्हणून जपलेली गल्ली. घरांचं दर्शनी तोंड बदलायला मनाई. घरमालक लतीफभाईंनी आतून महाल केला होता. आरशासारखी फरशी, खोलीखोलीत थंड हवेचं यंत्र. बाहेर मात्र अकरा उंच दगडी पायऱ्या.

उत्तमसिंगची बायको नानीबाई चौथ्या पायरीवरच बसली. गुडघे धरून म्हणाली, "इथं रोज चढायचं? मंग मला वर नेऊन ठेवा अन् विसरून जा."

दलाल पुनमचंद हसला. "वहिनी, घर तुमचं झालं की पायऱ्या तोडून उतार करू. परवानगी माझ्याकडं लागली."

लतीफभाई खाली बघत राहिले. बोलणं फक्त दलालानं करायचं, असा त्यांनी त्याला शब्द दिला होता. त्यांची मुलगी अजरा त्यांना नांदेडला बोलवत होती. घर विकायची घाई होती.

नानीबाई पायरीपायरीला टेकत वर आली. आत बैठकीत उत्तमसिंगनं हौसेनं मला पसरलं. दलालाचा हात माझ्याखाली आला. घामट, घाईचा. भाव ठरला. इसाराची थैली बाहेर निघाली. परवानगीचा कागद कुणी मागितलाच नव्हता. माणसं बैलाचे दात मोजतात, घराचे कागद मात्र गप्पांवर सोडतात.

"थांबा," नानीबाई म्हणाली. "रुमाल इकडं आणा. लतीफभाई, हात घाला."

"काहून? लोक हसतील!" उत्तमसिंग तडकला. "बाईनं कधी रुमालाखाली हात घातलाय?"

"म्हातारीला कसली लाज? भाऊ हाय तो माझा. मामंजीचे सौदे बघतच म्हातारी झाले मी." ती लतीफभाईंकडं वळली. "तोंडानं काही बोलू नका. किती पायऱ्या तोडता येत्याल, तेवढी बोटं दाबा."

पुनमचंदची मान ताठ झाली. माझ्याखाली मात्र त्याची नजर पोचत नव्हती.

लतीफभाईंनी हात माझ्याखाली घातला. मग त्यांनी नानीबाईची बोटं एकेक करून मिटवली. पाचही. मूठ झाली. एकही पायरी नाही.

नानीबाईनं हात बाहेर काढला. "थैली ठेवा आत," ती नवऱ्याला म्हणाली.

"परवानगीचा कागद दाखव, पुनमचंद," उत्तमसिंग हळू म्हणाला.

"बाद में दाखवतो की…"

थैली परत गेली. दलाल उठला. "लतीफभाई, स्वतःच्या हातानं गिऱ्हाईक घालवलं तुमी."

"हात माझाच हाय ना," लतीफभाई म्हणाले. "तकलीफ पण माझीच."

नानीबाई उठता उठता म्हणाली, "भाई, घर लई देखणं हाय. पर माझे गुडघे नवे न्हाईत."

उत्तमसिंगनं तीन दिवस मला खुंटीवरच ठेवलं. चौथ्या दिवशी मला धुऊन त्यानं स्वतः नानीबाईच्या मांडीवर ठेवलं. आता मी तिच्याकडं असतो. ती गुडघ्यावर गरम विटेचा शेक घेते, तेव्हा वीट माझ्यातच गुंडाळते. लतीफभाईंचं घर अजून विकलं गेलं नाही, असं ऐकतो.

म्हणून मालक, एक विनंती. घर घ्या, खुशाल घ्या. पण जमेला फरशी मांडलीत तर नावे पायऱ्याही मांडा. आणि विकायला बसलात, तरी त्या खोडू नका. हिशेब चोख ठेवा.