एक नंबरचा बिल्ला

या, अशा पुढे सरका. टाळ ठेवा खाली, बुवांना घोटभर पाणी पिऊ द्या. तोवर एका पितळी बिल्ल्याची गोष्ट सांगतो, आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेल्या राधाबाईची.

तळेऱ्याच्या अलीकडे पावलांची घाटी म्हणून फार जुनी दगडी वाट आहे. वर गुहेत महादेव. माणसांच्या वर्दळीने पायऱ्या खचायला लागल्या, म्हणून बासष्ट साली सरकारचा हुकूम निघाला: दिवसाला चाळीसच जण, तेही छातीवर नंबरी बिल्ला लावून. पायथ्याला चौकी आली आणि चौकीत हरिश्चंद्र बसला. सकाळी बिल्ले द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे.

राधाबाईचा लवू गलबतावर होता. वैशाखातल्या वादळात आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा तिने महादेवाला कबूल केलं, लेक घरी आला तर तो पुन्हा समुद्रात जायच्या आधी तुझ्यापुढे तुपाचा दिवा लावीन. लवू आला. पण पावसाळाभर घाटी शेवाळलेली, हिचा पाय सुजलेला. आता पाऊस सरला, विजयदुर्गाहून गलबत दोन दिवसांत सुटणार, आणि दिवा अजून पदराखालीच.

त्या दिवशी रांगेत ती चाळिसावी होती. जपमाळेवर मोजलं होतं तिने. एकोणचाळीस गेले आणि हरिश्चंद्राने दोर आडवा ओढला.

"संपले बिल्ले."

"संपले कसे? एक उरता मा रे!"

"संपले म्हणजे संपले, काकी. उद्या ये." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

तिथेच शंकेची पाल चुकचुकली. राधाबाईने वर चढणाऱ्यांच्या छात्या निरखल्या. सगळ्यांत पुढच्या माणसाचा नंबर दोन. मग एक नंबर कोणाचा? पहिल्या पायरीजवळ ताजा विडा पडला होता, शेजारी अख्खी विडी. हरिश्चंद्र तर तंबाखूला शिवतही नसे.

वाटेत भिकाजीच्या दुकानात तिने विषय काढला. भिकाजीने डोळे बारीक केले. "लाकडाचो कंत्राटदार आसतलो. शिसवी कापता नि मागल्या बाजून उतरता. नायतर सायबाचो पावणो."

"नि ह्यो मेलो हरिश्चंद्र तोंडार माळकरी!"

राधाबाईचा डोळ्याला डोळा लागला नाही. देवाच्या डोंगरावर चोर जातो आणि आपला दिवा खाली राहतो! तांबडं फुटायच्या आत ती घाटीपाशी पोचली. तर विजयदुर्गाकडची एकोणचाळीस माणसं आधीच चौकीसमोर ओळीने बसलेली. म्हणजे आजही ती चाळिसावी. रांगेत न बसता ती करवंदीच्या जाळीमागे दडली. चोराला आज मुद्देमालासकट धरायचं.

हरिश्चंद्र चौकीच्या मागच्या दाराने बाहेर आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मुठीत काहीतरी चमकलं. तो पहिल्या पायरीशी आला, विडा ठेवला, विडी ठेवली, वर एक नंबरचा बिल्ला ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, वाटेच्या राखणदारा! तुझो बिल्लो तुका दिलंय. वर जाणाऱ्या लेकरांची पावला सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जाळीतून आवाज आला. राधाबाईचाच. देवाला घातलेलं गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार द्यायचा, ही जन्माची सवय. जीभ थांबली नाही.

हरिश्चंद्र मटकन खालीच बसला. आयुष्यात पहिल्यांदा वाटेचा तो अदृश्य राखणदार बोलला होता, आणि तोही बाईच्या आवाजात. मग जाळीतून पदर सोडवत राधाबाई बाहेर आली.

"राखणदाराक बिल्लो कित्याक रे, मेल्या?"

"हुकूमच तसो आसा. बिल्ल्याबिगर कोणाक वर सोडूचा नाय. तो तर रोज वाट फिरता. बिल्लो नाय दिलो तर माकाच खोटेपणा लागतलो. नि पयल्या हप्त्यात दोघा घसरली; बिल्लो देऊक लागलंय, तेच्यानंतर एक पाय घसराक नाय."

राधाबाईला हसू फुटलं आणि डोळेही भरले. रात्रभर ज्याला शिव्या घातल्या, तो हा. मग तिने पदराखालचा दिवा दाखवला. "माझो लवू उद्या जाता रे. राखणदाराक इचार, आजचो दिस आपलो बिल्लो माका देयत काय?"

"नि तो बिल्ल्याबिगर वर गेलो तर?"

"जायत कशाक? आज तुझ्यावांगडा चौकीत बसात."

हरिश्चंद्राने पायरीवरचा विडा नीट सरळ केला. मग पुन्हा हात जोडून त्याने दुसरं गाऱ्हाणं घातलं, आणि ह्या खेपेला राधाबाईने मोकळ्या गळ्याने होकार दिला.

दिवा लागला. सुजल्या पायाने राधाबाई दिवेलागणीआधी उतरली. हरिश्चंद्र दिवसभर चौकीत बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला होता, शेजारची जागा रिकामी सोडून. तिने बिल्ला त्याच्या हातात दिला नाही. पहिल्या पायरीवर ठेवला आणि डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी लवूचं गलबत वाऱ्याला लागलं.

तुम्ही कधी त्या घाटीला गेलात, तर बाबांनो, पहिल्या पायरीशी थोडं थांबा आणि आमच्या हरिश्चंद्राची आठवण काढा. वर चढणाऱ्यांसाठी त्याने रोज हात जोडले. त्याच्यासाठी तुम्ही एकदा "व्हय म्हाराजा" म्हणा.