खुर्चीवाल्यांची सून

त्या घरात खुर्च्यांना तोटा नव्हता. खाली दुकान, वर घर. दुकानात लोकांच्या मोडक्या खुर्च्या आणि बसके सोफे दुरुस्तीला येत, आणि खाली जागा पुरेनाशी झाली की जिना चढून वर घरातही येत. कुणाच्या पोटातून काथ्या बाहेर आलेला, कुणाचा एक हात निखळलेला. दारापासून खिडकीपर्यंत ही मंडळी ताटकळत उभी असायची. गल्लीत या कुटुंबाला 'खुर्चीवाले' हेच नाव पडलं होतं. आणि या खुर्चीवाल्यांच्या सुनेला बसलेलं मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

तिला मनाई होती असं नाही. मनाई असती तर भांडता तरी आलं असतं. सासरे समोरच्या खोलीत उंच पाठीच्या खुर्चीत असत, नवरा खाली दुकानात स्टुलावर. सासूबाई आताशा पलंगावर, कारण त्यांचे गुडघे धनुष्यासारखे वाकले होते. आणि सून उभी. सगळ्यांची जेवणं झाली की ओट्याला टेकून ती दोन घास खाई. "बस की गं जरा," असं प्रत्येक जण म्हणे, आणि त्याच दमात, "बसायच्या आधी तेवढं पाणी दे."

एका सकाळी फोमची मोठी गुंडाळी छातीशी धरून ती जिना उतरत होती. पुढचं दिसेना. शेवटची पायरी चुकली आणि गुडघा खाली ठेवलेल्या सोफ्याच्या लोखंडी पायावर आपटला. सूज उतरली, पण आत काहीतरी अडकायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी "वंगण कमी झालंय" म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन ती वर्षभर उभी राहिली. मग एकदा हातात भाजीचं पातेलं असताना पाय मध्येच असा अडकला की ना पुढे, ना मागे. तेव्हा सोळा वर्षांच्या लेकीने रिक्षा आणली. घरात ती लेक सगळ्यांशी वाद घालायची, म्हणून तिचं नाव 'वकील'.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एमआरआयचा फोटो दिव्यावर धरला. "हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. तुमच्या अस्तराला भोक पडलंय. कूर्चा मोठी मुकी असते. तिला रक्त नाही, नस नाही. फाटली तरी ओरडत नाही आणि स्वतःहून भरूनही येत नाही."

"म्हणजे आईसारखीच की," वकील म्हणाली.

आई हसली. दुकान बंद करून सोबत आलेले बाबा हसले नाहीत.

अशा गुडघ्यांवर तिथे एक नवा अभ्यास चालू होता. कंबरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा. त्यातल्या ज्या पेशींनी पुढे काय व्हायचं हे अजून ठरवलेलं नसतं, त्या स्टेम सेल निवडून वाढवायच्या. रेशमाचे कोष धुऊन, त्यांचा चिकटपणा काढून विणलेल्या जाळीत त्या पेरायच्या आणि जाळीचा तुकडा भोकात बसवायचा. "वेलाला मांडव लागतो ना, तसं. वेल धरला की मांडव हळूहळू विरघळून जातो. मागे राहते ती तुमची स्वतःची कूर्चा. यश येईलच असं वचन देत नाही मी. पण तुमचं वय कमी आहे, भोक लहान आहे. आशा चांगली आहे."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही खुर्च्या करता ना? फोमला भोक पडलं तर काय करता?"

"तेवढंच कापतो आणि नवा तुकडा चिकटवतो."

"आणि गोंद ओला असताना कुणी बसलं तर?"

"बसूच देत नाही हो कुणाला!" नवऱ्याला आता आपल्या विषयावरचं बोलणं सापडलं. "खुर्चीच्या दोन्ही हातांना लाल दोरी बांधतो. मंत्री आला तरी उभा राहील. तुकडा सरकला की गेलं काम."

"झालं तर मग. दीड महिना हिचा हा पाय जमिनीला टेकता कामा नये. कुबड्यांशिवाय एक पाऊल नाही."

"काळजीच नको," नवरा म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला.

शस्त्रक्रिया छान झाली. समोरच्या खोलीत तिच्यासाठी पलंग लावला. पहिले काही दिवस तर घर नुसतं तिच्याभोवती फिरत होतं. मग नवरा दुकानात गेला, वकील शाळेत गेली, आणि घर पुन्हा तिला हाका मारू लागलं. काम कुणीच सांगत नव्हतं. फक्त विचारत होते. साखर कुठाय? गॅस हा असाच लागतो का? सासूबाई ओट्याशी उभ्या राहून हुश्श करत, आणि ते हुश्श भिंतीपलीकडे बरोबर पोचत असे. पडल्या पडल्या तिला चोरी केल्यासारखं वाटे.

अशाच एका दुपारी नणंद, नणंदेचे यजमान आणि त्यांच्या मातोश्री तिला बघायला आले.

"काय वहिनी, नवा गुडघा! जुना एक्स्चेंजमध्ये दिलात का?" यजमान म्हणाले. सगळे हसले, तीही हसली.

"आराम कर हो चांगला," मातोश्री म्हणाल्या. "आमच्या वेळी कुठलं असलं!"

मग सगळे गप्प झाले. पाहुणे येऊन थोडा वेळ झाला की घरात जी शांतता पसरते, ती ही. तिचा अर्थ प्रत्येक बाईला कळतो. सासूबाई आतल्या खोलीत शेक घेत पडल्या होत्या. नणंद माहेरी आलेली, म्हणजे पाहुणीच. सासरे छताकडे बघून म्हणाले, "चहाचं काय ते..."

ते कुणालाच उद्देशून नव्हतं. ती उठली.

"अगं, उठलीस कशाला!" नणंद म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन तिला वाट करून दिली.

कुबड्यांवर ती स्वयंपाकघरात गेली. चहा झाला. कप ट्रेमध्ये ठेवले. आणि मग तिच्या लक्षात आलं, की कुबड्या धरल्या तर ट्रे धरायला हात उरत नाहीत. दुसरं कुणीही असतं तर त्याने हाक मारली असती, "कुणीतरी या हो ट्रे न्यायला." ती हाक तिच्या गळ्यापर्यंतही आली नाही. इतक्या वर्षांत तिचा गळा त्या कामाला कधी लागलाच नव्हता. तिने कुबड्या भिंतीला टेकवल्या, दोन्ही हातांनी ट्रे उचलला आणि चालत गेली.

वाटेत गुडघ्यात कापड फाटावं तसं काहीसं झालं. कूर्चा नाही ओरडली. तीही नाही. चहा सांडला नाही.

"साखर पुरे आहे ना?" तिने विचारलं.

"फक्कड!" यजमान म्हणाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यावर धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. जाळीचा तुकडा जागचा सुटून ओल्या फडक्यासारखा दुमडला होता. पेशी त्याच्याबरोबर गेल्या होत्या. भोकाच्या कडा आणखी फाटल्या होत्या.

"पुन्हा करू ना," नवरा म्हणाला. "तुकडाच तर आहे. दुसरा बसवू."

"आम्ही खुर्ची नाही करत हो." त्यांचा आवाज बसला होता. "कडा आता जाळी धरणार नाहीत. म्हातारपणी धातूचा सांधा बसवू. तोवर काठी." मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गोंद ओला होता. कोण बसलं?"

नवरा बायकोकडे बघू लागला.

"मीच उठले हो डॉक्टर," ती घाईने म्हणाली. "मला कुणीच काही सांगितलं नव्हतं."

ते अगदी खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. कायदा करून थांबवावं असं काहीच घडलं नव्हतं, कोर्टात उभं करावं असा कुणी गुन्हेगार नव्हता. चार भल्या माणसांनी चहा घेतला होता, एवढंच.

संध्याकाळी नवऱ्याने दुकानातली नवी खुर्ची वर आणली. गिऱ्हाइकासाठी केलेली, जाड गादीची. ती ओट्याजवळ ठेवून त्याने बायकोला हाताला धरून बसवलं. मग तो उगाच गादीची शिवण चाचपत राहिला.

"छान आहे हो," तीच म्हणाली. "मऊ आहे." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वकील उठली. ती खाली गेली, लाल दोरी घेऊन आली आणि खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, आईच्या पुढून, गच्च बांधली.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, पाणी."

सुनेचे हात सवयीने खुर्चीच्या हातांवर गेले. दोरी ताणली गेली.

"बस तू." दाराची चौकट धरून सासूबाई उभ्या होत्या. "त्या दुपारी मी जागी होते. कपांचा आवाज ऐकला. तुझा पाय ओढत चाललेला ऐकला. माझ्या वेळी कोण उठलं होतं, असं म्हटलं आणि कूस बदलली."

"तुमचे गुडघे दुखत होते ना, आई."

"एवढे नव्हते गं दुखत."

सून रडू लागली. जिन्यावर पडली तेव्हा रडली नव्हती, इस्पितळात रडली नव्हती. सासूबाई वाकड्या पायांनी पुढे आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पाणी!" पुन्हा आवाज आला. कुणी हललं नाही. नवरा सवयीने पुढे झाला, तर लेकीने त्याचा शर्ट धरला.

मग उंच पाठीची खुर्ची करकरली. सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले. सुनेला, दोरीला, आपल्या बायकोला पाहून ते गोंधळून उभे राहिले. ज्या घरात त्यांचे केस पांढरे झाले, त्या घरात त्यांनी विचारलं, "पेले कुठे असतात?"

मग ते एकेक कपाट उघडत राहिले.

वाचणाऱ्या भल्या माणसा, तुझ्या घरातले पेले कुठे असतात? कुणाला विचारू नकोस. ऊठ आणि शोध.