ताड फोटोत नव्हता

"चिमणभाय, जवळ जायची घाई नको," पोलिसांतला देवजी जमादार म्हणाला. "आधी लांबून, सगळी जागा येऊ द्या. मग मधून. मापाची पट्टी ठेवून जखम शेवटी."

चिमणने कॅमेऱ्याचं स्टँड मागे ओढलं. डहाणूतल्या स्टुडिओत तो लग्नाच्या जोडप्यांचे फोटो काढी. मेलेल्या माणसाचा फोटो कसा काढायचा, हे त्याला देवजीनेच शिकवलं होतं.

आशागडच्या त्या वाडीत चैत्या पालथा पडला होता. डोक्याशी फुटलेलं मडकं. ताडी काढताना झाडावरून पडला, असं वाडीचा मालक सांगत होता. ताड मात्र बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

चैत्याची बायको भिकी प्रेतापासून हलेना.

"जरा बाजूला होता का, बाई?" चिमण अडखळत म्हणाला.

"झाड येल का फोटूत?"

"येईल."

"तो चढलाच नाय. मालकानं मारला त्याला."

"येईल झाड. पहिल्याच फोटोत."

मग ती उठली.

फोटो धुऊन झाले तेव्हा देवजी स्टुडिओत चहाला आला. "निगेटिव्हपण द्या. दुकानात कोण कधी हात मारील, सांगता येत नाय. माझ्याकडं संभाळून राहतील."

चिमणने स्वतः कागदात गुंडाळून दिल्या. देवजी म्हणजे चिमणच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिलेला माणूस.

कोर्टात चिमणच्या हातात दोन फोटो आले. एकात चैत्या आणि मडकं, दुसऱ्यात पट्टी आणि जखम.

"हे तुम्हीच काढलेत?" वकिलांनी विचारलं.

"हो. पण तीन होते. पहिला लांबून..."

"कुठंय तो?"

"जमादारांकडे. निगेटिव्हसुद्धा."

देवजी उभा राहिला. चिमणकडे न बघता म्हणाला, "यांनी दोनच दिले, साहेब. भाय भले आहेत, पण आता विसरतात."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. चिमणचे कान तापले. त्याने हातातले दोन फोटो पुन्हा उलटसुलट करून पाहिले.

मग भिकीला पुढे बोलावलं. मडक्याचा फोटो हातात देऊन, प्रेत नवऱ्याचंच ना, एवढंच तिला विचारलं. तिने मान हलवली, फोटो टेबलावर ठेवला. क्षणभर चिमणकडे पाहिलं. मग फोटोच्या काठापासून वीतभर दूर, टेबलाच्या उघड्या लाकडावर बोट टेकवलं.

"झाड हितं हाय," ती म्हणाली.

कारकुनाने फोटो उचलून नेले. तिचं बोट तिथंच होतं.