वळणावर अडकलेली गाडी आणि मी

मित्रांनो, माझ्याजवळ स्वतःचा पडदासुद्धा नाही. टीव्हीला जोडलं तरच मला वाचा फुटते. मी एक जुना घरगुती संगणक. खोपोलीच्या भंगारात पंख्याच्या पात्यांखाली दबलो होतो. पोशीर गावच्या छायाने मला उचलून आणलं, पुसलं आणि चुकतमाकत माझी भाषा शिकली.

तिची सासू सोनुबाई अंथरुणाला खिळलेली. माथेरानच्या हॉटेलांत भांडी घासायला ती जन्मभर रुळांच्या कडेने चालत गेली, पण त्या छोट्या गाडीत कधी बसली नाही. आता तिचा एकच हात हलतो. म्हणून छाया तिच्यासाठी खेळ रचत होती. एक कळ दाबली की गाडी घाट चढणार.

टीव्हीचा पडदा मला सेकंदाला पन्नास हाका मारतो. दर हाकेला हातातलं काम जिथल्या तिथे ठेवायचं, गाडी जराशी सरकवायची आणि पुन्हा कामाला लागायचं, हे माझं जगणं. काम नाजूक असलं की मला कान झाकायला सांगतात. ते उरकलं की उघडायला सांगावं लागतं.

त्या दुपारी छायाने कान झाकायचा हुकूम लिहिला आणि सोनुबाईने हाक मारली. परत येऊन छायाने पुढचं लिहिलं: पडद्याची हाक येईपर्यंत थांब. कान उघडायचा हुकूम राहूनच गेला, आणि तिने खेळ चालू केला.

मी थांबलो. हाका येत असतील, मला ऐकू येईनात. गाडी वळणावर गोठली. मला सोडवायचं तर वीज बंद करायची, आणि वीज गेली की कॅसेटवर न उतरवलेला सगळा खेळ पुसला जाणार. पुढचं मला नंतर कळलं, छाया नवऱ्याला सांगत होती तेव्हा.

"माज्या हाकेनं बिघडलं ना गं?" सोनुबाईने विचारलं होतं.

"नाय आई, माजंच राह्यलं," म्हणत छायाने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या ओळीपासून पुन्हा बसली. कान उघडायचा हुकूम आठवणीने घातला, खेळ कॅसेटवर उतरवला. घर कसं गपगार होतं. हौसेने मला टीव्हीसकट सासूच्या खाटेशी आणलं, तर चादर ओली.

"हाक का नाय मारली?"

"तुजी गाडी परत अडली असती."

 छायाने चादर बदलली, सासूची पाठ पुसली, मग तिचं बोट माझ्या कळेवर ठेवलं. गाडी निघाली. जुम्मापट्टीचं स्टेशन आलं तशी सोनुबाईने कळ सोडली.

"छाये, पानी दे गं आदी."

छाया उठली. गाडी उभी राहिली आणि मी ऐकत राहिलो.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवर धूळ साचू देऊ नका, एवढंच मागणार होतो. पण त्याआधी हे मागतो: घरात कुणाला हाक मारायची चोरी वाटू देऊ नका.