मापाची गाडी

"पाय टेका, साहेब. दोन्ही," गोविंदा म्हणाला.

हरिहररावांनी दोन्ही पाय टेकले. तळवे पूर्ण जमिनीला लागले. गुडघे हँडलला अडले नाहीत. कल्याणच्या बैलबाजारामागे गोविंदाची शेड होती. लढाईनंतर मिलिटरीने लिलावात काढलेल्या मोटरसायकली आणून तो दुरुस्त करी नि विकी. ही त्यांतली सगळ्यात थोराड. गिऱ्हाईक हौसेने बसे, टाचा अधांतरी राहिल्या की उतरून चालू लागे.

"ज्या गोऱ्याची ही गारी व्हती ना, तो पन तुमच्यासारखाच लांब," गोविंदा म्हणाला. "दिवसदिवस चालवायचा, पाठ नाय दुखायची. दुसऱ्या कुनाला मी देनारच नाय ही."

दुसऱ्या कोणी ती मागितली नव्हती, हे तो बोलला नाही. रविवारी फिरवून बघा, पसंत पडली तर ठेवा, असं मात्र म्हणाला.

हरिहरराव लोकल बोर्डाचे ओव्हरसियर. मुरबाडकडचे रस्ते आणि त्यांच्याखालून ओढ्याचं पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या त्यांच्याकडे. आमच्या ठाण्याच्या आळीत पोरं त्यांना तारेचा खांब म्हणत. मोठी माणसं पोरांना रागावत आणि तोंड फिरवून हसत. दार आलं की ते वाकत. खाटेवर पाय बाहेर राहत म्हणून मुडपून झोपत. नाटकाला गेले तर मागच्यांची कुरकुर नको म्हणून शेवटची खुर्ची धरत आणि तिथेही अंग चोरून बसत. सायकलवर त्यांचे गुडघे असे फाकत की समोरून दुसरी सायकल आली तर एकाने उतरावंच लागे. जग काही आपल्या मापाचं होणार नाही, तेव्हा आपणच वाकलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. पाठीला कायमचा बाक आला होता.

त्या रविवारी ते मोटरसायकलवरून आळीत शिरले तेव्हा आम्ही त्यांना ओळखलंच नाही. माणूस ताठ बसला होता.

मुलगी दाखवायला आणावी तशी सगळी आळी गाडीभोवती जमली. समोरच्या ठमाबाईंना रंग जरा काळा वाटला. आनंदमास्तरांनी घराणं विचारलं, म्हणजे कुठल्या देशाची आहे ते. पण पसंती हवी होती ती त्यांच्या बायकोची, विमलाबाईंची, कारण गाडी त्यांच्यासाठीच घ्यायची होती. हरिहररावांची फिरती सायकलीवर आणि एस.टी.वर भागत होती. घरात मूलबाळ नव्हतं. जेवताना बोलणं व्हायचं ते खडीचं, डांबराचं, नाहीतर मोऱ्यांचं. विमलाबाई ऐकून घेत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "घरातली मोरी मी रोज घासते. तुमची बाहेरची कशी असते ती एकदा दाखवा तरी."

म्हणून हे सगळं.

विमलाबाई नवऱ्याच्या कोपराएवढ्या. पाट ठेवून त्या मागच्या सीटवर एका अंगाला बसल्या आणि दोघं कळव्याचा पूल ओलांडून गेले. परतले ते दिवेलागणीला. हरिहररावांचा चेहरा उन्हाने रापला होता आणि इतका खूश होता की आम्हालाही बरं वाटलं. दारातच त्यांनी बायकोला विचारलं, कशी काय वाटली?

"छान आहे. धक्का म्हणून लागला नाही," विमलाबाई पदर झटकत म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "रस्ता कसा होता हो?"

हरिहरराव हसले. मग हसायचे थांबले.

"अगं, मोरी आली तेव्हा सांगितलं ना मी?"

"सांगितलंत की. मी मान वळवेपर्यंत ती मागे गेली. एका अंगाची झाडं दिसली, बाकी तुमचा शर्ट." तक्रारीचा सूर नव्हता. "पण तुम्ही घ्या गाडी. तुम्हाला शोभते."

दुसऱ्या दिवशी हरिहरराव गोविंदाकडे गेले. मागची सीट उंच करता येईल का, ते विचारलं. गोविंदा म्हणाला, करू. पण मग बाईंचे पाय टेकणार नाहीत, पहिल्या खड्ड्यालाच पडतील. लहान गाडी बघितली. तिच्यावर गुडघे हँडलला लागत होते आणि पाठ होती तेवढीच रुंद होती. शेवटी गोविंदा वैतागला.

"बाईमानूस डोळे मिटूनच बसतं, साहेब. सगल्या जन्मात एक वस्तू मापाची गावलीय, ती कशाला सोरता?"

हे खरं होतं. त्या एका दिवसात त्यांनी मान वर करून किती लांबचं पाहिलं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ते सुख त्यांना सोडवत नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी आळीत आली ती कायमची. हरिहरराव मात्र पुन्हा वाकलेले, सायकलवर वाकत त्याहून जास्त. छाती टाकीला टेकायची बाकी होती. ठमाबाई म्हणाल्या, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आम्ही सगळे हसलो. त्यांच्या खांद्यावरून मागे विमलाबाईंचं कुंकू दिसत होतं, तिकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. नंतर विमलाबाईच नळावर बायकांना सांगू लागल्या: कळव्याला मिठाचे ढीग कसे चमकतात, मुरबाडच्या वाटेवर रस्ता कुठे वळतो, आणि यांच्या मोऱ्या अगदी छोट्या असतात, पण पाणी तुंबत नाही. तेव्हा आम्हाला कळलं. बरीच वर्षं त्यांचा रविवार चुकला नाही. हरिहररावांची कंबर त्यामुळे धरली, ती धरलीच.

मग एका पावसाळ्यात विमलाबाई काविळीने गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर गोविंदा भेटायला आला. गाडी त्याने स्वतःच धुतली, तेलपाणी केलं. निघताना संकोचत म्हणाला, "आता तरी नीट बसा, साहेब. आता मागं कोन हाय?"

"कोणी नाही," हरिहरराव म्हणाले. गाडी चालू केली आणि वाकूनच कामावर गेले.

मागची सीट त्यांनी काढली नाही. मुरबाडच्या रस्त्याची डागडुजी करणारे मैलकुली सांगत की मोरी जवळ आली की साहेबांची गाडी आधीच हळू होते. साहेब आणखी जरासे खाली वाकतात, डावा हात हँडलवरून थोडा उचलतात, बोट करावं तसा. मग हात परत ठेवतात, आणि गाडी पुढे जाते.