मुंगीची साक्ष

बाईंनी उभं आयुष्य नाटकात काढलं होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना चारचौघांत बोलायला शिकवू लागल्या. मुलं सगळी घरीच शिकणारी. एरवी बोलण्यात बापालाही ऐकायची नाहीत, पण वर्गासमोर कधी उभीच राहिलेली नसल्यामुळे अनोळखी चेहरे दिसले की दातखीळ बसायची. अपवाद प्रोफेसरचा. हा नऊ वर्षांचा गृहस्थ ज्वालामुखीवर असा बोलत सुटे, की ऐकताना बाईंनाच धाप लागे.

मुंगी मात्र भिंतीला चिकटून उभी राहायची. आवाज इतका बारीक, की हे नाव तिने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. तिला सूर सापडायला बराच काळ गेला. एकदा तिने जुनं घड्याळ कसं उघडायचं ते सांगितलं, आणि खोली गप्प होऊन ऐकत राहिली. घड्याळ उघडायला तिला बाबांनी शिकवलं होतं. बाबा आता वेगळे राहत.

त्यानंतरच्या आठवड्यात मुंगीची आई वर्ग सुटल्यावर थांबली. पूर्वी ती औषधांच्या दुकानात कामाला होती. लेकीला घरी शिकवायचं म्हणून नोकरी सोडली होती.

"बाई, एक काम होतं. हिला न्यायाधीशबाईंशी बोलायचंय. हिच्या बाबांनी ताबा मागितलाय. शाळेत घालतो म्हणतात. पाठ मी करून घेतलंय, तुम्ही फक्त जरा... मनापासून वाटेल असं म्हणवून घ्या."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण पोरगी घाबरून मुकी राहू नये, इतकंच त्यांच्या मनात आलं, आणि त्या हो म्हणाल्या. आई बाहेर जाऊन बसली.

मुंगी खोलीच्या मधोमध उभी राहिली. "मला घरीच शिकायला आवडतं. आई मला छान शिकवते." इथपर्यंत आवाज मोकळा होता. "बाबांकडे मला भीती वाटते. ते ओरडतात. मला तिथे झोप लागत नाही." ही तीन वाक्यं मात्र तिने पाढ्यासारखी म्हटली.

"पुन्हा म्हणू?" मुंगीने विचारलं. मग खाली बघत म्हणाली, "बाई, खोटं बोलताना कुठे बघायचं असतं?"

बाई खुर्चीत बसल्या. "ओरडत नाहीत बाबा?"

"ओरडतात. क्रिकेट बघताना, टीव्हीवर." तिने दाराकडे पाहिलं. "पण हे नाही बोलले तर मला आईपासून नेतील ना! मग आई एकटी काय करेल?"

बाईंकडे आवाजावर उपाय होते, श्वासावर होते. यावर नव्हता. त्यांनी तिला जवळ घेतलं. "हे बघ मुंगे, जे खरं आहे तेवढं बोल. आणि जे सांगायचं नसेल तिथे सरळ म्हण, मला हे सांगायचं नाही. कुणीही विचारलं तरी. तेवढा हक्क तुला आहे."

मग त्या बाहेर आईपाशी गेल्या. "हे मी शिकवणार नाही. पोरीला जन्मभर टोचेल ते."

आईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्हाला काय जातंय बोलायला? सगळं सोडून मी हिच्यापायी घरी बसले. माझ्या हातात दुसरं काय आहे, सांगा ना!"

आईने लेकीचा हात धरला आणि निघाली. वळून बघायचीही मुंगीला सोय ठेवली नाही.

त्यानंतर मुंगी वर्गाला आली नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. बाबांना गाठून सगळं सांगावं, असं कितीदा मनात आलं. पण त्याने आईच्या पायाखालची जमीनच गेली असती, आणि आई चुकली तरी आईच होती. नातं ना गोतं, आपण कोण यात पडणार, असं म्हणत बाई कुढत राहिल्या.

काही महिन्यांनी मुंगीची आई एकटीच आली. वाळली होती. मुलं अजून यायची होती.

"निकाल लागला," ती म्हणाली. "राहणार माझ्याकडेच. शनिवार-रविवार बाबांकडे. पण आता शाळेत जाते." ती जरा थांबली. "न्यायाधीशबाईंनी बाबांबद्दल विचारलं, तर म्हणे, मला हे सांगायचं नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो."

"मग ऐका. आता मलाही तेच ऐकवते. शाळा कशी आहे? सांगायचं नाही. बाबांकडे काय केलंस? सांगायचं नाही. माझ्याच घरात, बाई, माझीच पोर!" तिने पदरात तोंड लपवलं.

आपलं बरोबर होतं, असं बाईंना अजूनही वाटत होतं. पण समोरचं रडणं त्याने थांबत नव्हतं.

"मी येऊ का घरी? तिच्याशी बोलू?"

"नको. आता शिकवणं पुरे झालं, तुमचंही आणि माझंही." तिने डोळे पुसले. "काल नुसतीच जाऊन बसले तिच्याजवळ. काही विचारलं नाही. उठून गेली नाही ती."

दार ढकलून प्रोफेसर आत आला आणि कुणी न विचारताच भूकंपाबद्दल सांगू लागला. मुंगीची आई उठली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. बाईंनी त्याला म्हटलं, "थांब रे जरा," आणि खिडकीशी जाऊन त्या तिला जाताना बघत राहिल्या.