नव्या भाताचा पहिला घास

छत्तीस सालची गोष्ट. माझ्या नवऱ्याचा, जेठ्याचा, बाप्तिस्मा रविवारी रंगावली नदीत व्हायचा होता. त्याआधी तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहून प्रार्थना करायची, असा बाप्तिस्मा देणाऱ्या पौलस मास्तरांचा दंडक. मध्ये काही खाल्लं, की नाव थेट पुढच्या वर्षावर. माझं माहेर आधीचंच ख्रिस्ती, त्यातून अंगावर पिणारं लेकरू, म्हणून मला सूट होती. म्हणजे घरात रांधणारी मी आणि जेवणारीही मी एकटीच.

एकटीच, कारण माझी सासू रमीबाईही खाईना. ती बाप्तिस्मा घेणार नव्हती, प्रार्थनेच्या मांडवातही फिरकत नव्हती. नुसती दाराशी बसायची आणि पाणी प्यायची. पौलस मास्तर म्हसावदकडचे, भोळा माणूस. त्यांनी शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “देखा, जेठ्यानी माय पोऱ्यासाठे उपास करी ऱ्हायनी!” बायांनी डोळे पुसले. जेठ्या तर अभिमानानं फुगला.

मला काही ते पटेना. दुसऱ्याच्या देवासाठी उपाशी राहणारी बाई नव्हे ती. शनिवारी सकाळी मी तिच्या कोपऱ्यातलं जुन्या नागलीचं, नाचणीचं, मडकं उघडलं, तर आत कोंडासुद्धा नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

सासरची रीत अशी, की नवं धान्य घरात आलं की कर्त्या पुरुषानं ते आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि गेलेल्या वाडवडिलांना दाखवायचं. पहिला घास त्यानं खायचा, मग बाकीच्यांनी. यंदा जेठ्यानं ते सोडलं आणि आम्ही नवा भात सरळ शिजवून खाल्ला. सासूनं तो तोंडाला लावला नाही. जुनी नागली होती तोवर पेज पीत राहिली, आणि बुधवारी नागली संपली.

माझं टाळकंच सरकलं, जास्त स्वतःवरच. तीन दिवस तिच्यापुढे नव्या भाताची थाळी आदळत होते आणि खात नाही म्हणून वर तिलाच बोलत होते.

मी मूळची तोंडाळ. तशीच मांडवात गेले आणि चालू प्रार्थनेत म्हणाले, “मास्तर, तो उपास नही शे. ती भुकी मरी ऱ्हायनी!” आणि सगळं सांगितलं. जेठ्या उठून घराकडे निघाला, मागोमाग मास्तर.

“माय, माले काबर सांगं नही?” जेठ्यानं विचारलं.

“तू तुन्हा देवकडे चालना,” सासू म्हणाली. “तुले कसाले आडवू?”

मास्तर ओशाळले. मग हळूच म्हणाले, की पहिलं पीक देवापुढे ठेवायचं आपल्या पवित्र शास्त्रातही सांगितलंय. जेठ्यानं आईकडे पाहिलं. “मी मन्हा देवले दाखाडसू. चाली का?”

सासूनं उलट विचारलं, “तुन्हा बापनं नाव लेशी?”

“लेसू.”

मी भात शिजवून पळसाच्या पानावर वाढला. जेठ्यानं देवाचे आभार मानले, हा भात पिकलेल्या शेतात राबून गेलेल्या बापाचं, रायसिंगचं, नाव घेतलं आणि आमेन म्हटलं. मी पान सासूपुढे सरकवलं. तिनं हातसुद्धा लावला नाही.

“पह्यला घास त्याना,” ती म्हणाली.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बाप्तिस्म्याला एक रात्र उरली होती. त्यासाठी जेठ्यानं दोन वर्षं वाट पाहिली होती, दारू सोडली होती, भाऊबंदांची बोलणी खाल्ली होती. त्यानं मास्तरांकडे पाहिलं नाही. घास उचलून तोंडात घातला. गिळताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग सासू जेवायला लागली, आणि अशी जेवली, की माझाच ऊर भरून आला.

मास्तर उभेच होते. आता हे नाव कापणार, असं वाटून मी भांडायला पदर खोचला. पण शिष्यांबरोबर तेही तीन दिवसांचे उपाशी होते. ते जेठ्याशेजारी मांडी घालून बसले.

“गंगीबाई, माले बी वाढ,” ते म्हणाले. “आनी जेठ्या, सकायले नदीवर येळवर ये.”